पाणी कधी, किती: कलिंगडाच्या तीन प्लॉटच्या नोंदी

अंतिम वर्षाचा प्रकल्प, कृषी अभियांत्रिकी. जागा: मामाचा मळा, ता. माढा, जि. सोलापूर. जमीन मध्यम काळी. पाणी विहिरीचं, अडीनडीला बोअर.

१४ जानेवारी २०२४, रविवार

उद्या संक्रांत, तरी मामानं ट्रॅक्टर आजच सांगितला. बेड ओढून झाले. मामाच्या दीड एकरातले १५ गुंठे मला मिळाले. तीन प्लॉट, प्रत्येकी ६ बेड, बेड ४२ मीटर लांब, दोन बेडमध्ये २ मीटर. म्हणजे एक प्लॉट ५०४ चौरस मीटर, जवळपास ५ गुंठे. १६ मिमीची इनलाइन लॅटरल (ठिबकची नळी), दर ४० सेंमीवर ताशी २ लिटरचा ड्रीपर. प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र कॉक.

ठरलेलं असं:
अ प्लॉट: ठरावीक तास. इथले बहुतेक लोक देतात तसं. पहिले २० दिवस रोज १ तास, पुढचे २० दिवस दीड तास, नंतर काढणीपर्यंत अडीच तास. हे मामा बघणार.
ब प्लॉट: बाष्पीभवन पात्र. काल जेवढं उडालं त्याच्या हिशोबानं आज.
क प्लॉट: टेन्सिओमीटर. माती मागेल तेव्हा.

मामाचं म्हणणं, तिन्हीकडं एकच कलिंगड येणार. असेल. पण यंदा पाऊस कमी झालाय, विहिरीला अजून तीन परस (एक परस म्हणजे पुरुषभर उंची) पाणी आहे आणि मार्चमध्ये किती राहील ते कुणी सांगू शकत नाही. जानेवारी संपायच्या आत उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, जाणार असं बाजारात सगळेच बोलतात. त्यामुळं विषय निवडायला फार विचार करावा लागला नाही.

१७ जानेवारी

घरातले स्टीलचे दहा पेले उचलून आणले. (मामी: "मोजून आणून दे, मागच्या वेळी चमचे गेलेत.") प्रत्येक प्लॉटमध्ये दहा ठिकाणी ड्रीपरखाली खड्डा करून पेला ठेवला, १५ मिनिटं पाणी सोडलं, पेला भरत आला की मोजपात्रात ओतायचं. ताशी २ लिटर म्हणजे ५०० मिली यायला हवं. अ आणि ब मध्ये ४७० च्या आसपास आलं. क च्या शेवटच्या दोन बेडमध्ये ३९० आणि ४०५. लॅटरलची टोकं उघडली तर काळी चिकट घाण भळाभळा बाहेर आली. जुन्या लॅटरल, मागच्या वर्षीच्या ढोबळीच्या.

आम्ल सोडून, फ्लश करून पुन्हा मोजलं. प्रत्यक्ष प्रवाह: अ १२१०, ब ११९०, क ११२० लिटर प्रति तास. कागदावर तिन्ही १२६०. इथून पुढं सगळा हिशोब याच आकड्यांवर करायचा. सगळीकडं सारखाच एक तास कॉक उघडला असता, तर क ला अ पेक्षा ९० लिटर कमी गेले असते आणि मी ते "पद्धतीचा फरक" म्हणून लिहून मोकळी झाले असते.

२० जानेवारी, शनिवार

लागण. रोपवाटिकेतली १४ दिवसांची रोपं, ३० मायक्रॉनचा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, भोकं ४० सेंमीवर. संध्याकाळपर्यंत लागण उरकली, वरून क्रॉप कव्हर टाकलं.

पात्रही आज बसवलं. गावातल्या पत्रेवाल्याकडून करून घेतलंय. क्लास ए या प्रमाणित मापाचं: व्यास १२०.७ सेंमी, खोली २५ सेंमीच्या थोडी वर, जस्ती पत्रा, खाली १५ सेंमी उंच लाकडी चौकट. पाणी काठाच्या ५ ते ७.५ सेंमी खाली राहिलं पाहिजे. हुक गेज (पाण्याची पातळी मोजायचं साधन) घ्यायला पैसे नव्हते, म्हणून आत पितळी टोकाची खूण डागून घेतली. रोज सकाळी सात वाजता पाणी त्या टोकाला टेकेपर्यंत मोजून ओतायचं. या व्यासाला १ मिमी म्हणजे १.१४४ लिटर. किती लिटर ओतले त्याला १.१४४ नं भागलं की कालचं बाष्पीभवन. गेजपेक्षा मला हेच आवडलं. पाणी कुठं गेलं ते हाताला कळतं.

२४ जानेवारी

आज टोकाला पाणी लागायला २४ लिटर ओतावे लागले. २१ मिमी! जानेवारीत! गेले तीन दिवस साडेपाच-सहाच्या पुढं आकडा नव्हता. पात्र गळतंय म्हणून खालून हात फिरवला, कोरडं. मग चौकटीभोवती लेंड्या दिसल्या. शेजारच्या शेळ्या.

आजचा आकडा बाद, कालचाच धरला. दुपारी कोंबडीजाळी बसवली. जाळीमुळं बाष्पीभवन दहा टक्क्यांपर्यंत कमी दिसू शकतं, हे आता डोक्यात ठेवायचं. पण शेळ्या किती टक्के पितात त्याचा तक्ता कुणी दिलेला नाही.

२ फेब्रुवारी

टेन्सिओमीटर दोन. एक २० सेंमीवर, एक ४० सेंमीवर, दोन्ही ड्रीपरपासून १५ सेंमी बाजूला. रात्रभर बादलीत भिजवले, नळीत उकळून गार केलेलं पाणी भरलं, वरून पंपानं हवा ओढून घेतली. बघायला सोपं यंत्र आहे: खाली मातीचा सच्छिद्र कप, वर पोकळीचा काटा. माती सुकली की कपातून पाणी ओढते आणि काटा चढतो. मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो, तेवढंच ते सांगतं. पाणी किती आहे ते सांगत नाही.

लागणीनंतर पहिले १२ दिवस तिन्ही प्लॉटला सारखंच पाणी दिलंय, ते यामुळंच. रोपाचं मूळ आत्ता बोटभर. २० सेंमीवरचा काटा ११ सेंटिबार दाखवतोय, म्हणजे तिथं ओल भरपूर, पण मूळ तिथं पोचलेलंच नाही. काट्याच्या नादानं थांबले असते तर रोपं वरच्या वर वाळली असती. मुळं खाली जाईपर्यंत या यंत्राचा उपयोग नाही.

१० फेब्रुवारी

आजपासून खऱ्या अर्थानं वेगळं पाणी. हिशोब एकदा नीट लिहून ठेवते, सर विचारतात तेव्हा पानं चाळत बसावं लागतं.

आज पात्रात ८.२५ लिटर ओतले, म्हणजे ७.२ मिमी. पात्र उन्हात तापतं, त्याच्या पत्र्यातूनही उष्णता जाते, म्हणून शेतापेक्षा जास्त उडतं, त्यासाठी ०.७ नं गुणायचं: ५.० मिमी. पीक अजून लहान. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत (१९९८) कलिंगडाचा पीक गुणांक सुरुवातीला ०.४, भर वाढीत १.०, शेवटी ०.७५ आहे. आज २१ वा दिवस, ०.४५ धरला. मल्चिंगमुळं मातीतून उडणारं पाणी वाचतं; त्याच पुस्तिकेत त्यासाठी गुणांक १० ते ३० टक्क्यांनी खाली आणायला सांगितलंय, मी २० धरले. ५.० × ०.४५ × ०.८ = १.८ मिमी. ५०४ चौरस मीटरला ९०७ लिटर. ताशी ११९० च्या हिशोबानं ४६ मिनिटं.

पडताळा म्हणून नुसत्या तापमानावरून बाष्पीभवन काढायचं हरग्रीव्ह्जचं सूत्रही लावलं: कमाल ३३, किमान १५. उत्तर ५.१. पात्राचे ५.० आणि हे ५.१. खूश होऊन मामाला दाखवलं.

"शेचाळीस मिनिटं?" मामा म्हणाला. "आन् लाईट पंचेचाळीसाव्या मिनिटाला गेली तर?"

१४ फेब्रुवारी

क्रॉप कव्हर काढलं. फुलं दिसायला लागली, आता मधमाशीला वाट हवी. वेल पसरलेत. चंदेरी पेपरवर हिरवं बघायला बरं वाटतं. नागअळी थोडी, फुलकिडे कमी. त्याच्या नोंदी वेगळ्या वहीत.

२१ फेब्रुवारी

क प्लॉटचा २० सेंमीचा काटा शून्यावर. काल २६ होता, पाणी दिलेलं नाही, म्हणजे शून्य खोटं. खणून बघितलं: कपाच्या एका बाजूला मातीत बोटभर फट. काळी जमीन सुकताना आकसते, कपाला सोडून दूर होते, मग कप हवाच ओढत बसतो. पुन्हा बसवताना भोकात त्याच मातीचा पातळ चिखल ओतला आणि कप त्यात रुतवला. सकाळपर्यंत १९ वर स्थिर.

या जमिनीत ३० सेंटिबारला पाणी द्यायचं ठरवलंय. ८० पर्यंत वाट बघितली तर काटाही थकतो आणि वेलही. रेताड जमिनीत ही रेघ बरीच खाली आणावी लागली असती.

२३ फेब्रुवारी

पाळी बदलली. या आठवड्यात रात्रीची लाईट. साडेदहाला जाऊन कॉक फिरवायचे. मामा सोबत येतो, हातात काठी आणि बॅटरी. एकटी आले असते का? नसते आले. प्रकल्पाच्या आराखड्यात "सिंचनाची वेळ: सकाळी" असं मी टाईप केलं होतं.

२९ फेब्रुवारी

आज भांडण झालं. नीट लिहिते.

पाण्याचं मीटर एकच आहे, ते आठवडाभर एका प्लॉटवर लावून पुढं सरकवते. गेला आठवडा अ वर होतं. मामाच्या वहीत सातही दिवस "१.३० तास". रोज १२१० च्या हिशोबानं आठवड्याचे १२,७०० लिटर व्हायला हवेत. मीटर: ९,१००.

आधी वाटलं मीटर अडकलं. मग वही पुन्हा बघितली. सातही ओळी एकाच निळ्या शाईत, एकाच तिरक्या हातानं, एका बैठकीत लिहिलेल्या.

"मामा, इथं दीड तास लिहिलंय. मीटर तर कमी म्हणतंय."

"मग? मंगळवारी वाफसा चांगला होता. पानी कशाला घालू, तुझ्या कागदासाठी?"

"मग दीड तास लिहिलं कशाला?"

"तूच म्हनलीस, दीड तास लिहायचा."

खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नाही. माझा 'ठरावीक तासांचा' प्लॉट कधी ठरावीक नव्हताच. मामा रोज सकाळी मल्चिंगच्या भोकातून हात घालतो, ड्रीपरच्या बाजूची मूठभर माती काढतो, दाबतो. गोळा झाला आणि अंगठ्यानं टिचकी मारल्यावर फुटला, तर वाफसा, पाणी थांबवायचं. गोळाच झाला नाही तर द्यायचं. गोळ्याला चकाकी आली, हाताला ओल लागली, तर दोन दिवस कॉकला हात लावायचा नाही. शिवाय वेलाचा शेंडा. दुपारी एक वाजता मान टाकली तर काही नाही, उन्हाचं चालायचंच. संध्याकाळी सहालाही खाली असेल तर तहान.

सरांना फोन केला. त्यांनी आधी नियंत्रण प्लॉट बिघडला म्हणून दहा मिनिटं ऐकवलं. मग म्हणाले, आहे ते प्रामाणिकपणे लिही आणि प्लॉटचं नाव बदल. बदललं. अ प्लॉट: वाफसा. मीटर आता काढणीपर्यंत अ वरच राहणार. आधीच्या दिवसांचं अ चं पाणी 'अंदाजे'.

माझं ठरावीक वेळापत्रक आता फक्त कागदावर उरलं. ते बेरीज करून बघितलं तर हंगामाला ३०० मिमी होतात. बघू बाकीचे कुठं जातात.

५ मार्च

गेले पाच दिवस मामाशी एक खेळ लावलाय. सकाळी तो क प्लॉटमध्ये येऊन काट्याच्या शेजारची माती दाबतो, काटा झाकलेला. तो 'वाफसा' म्हणाला तेव्हा २० सेंमीचा काटा १८ ते २४ मध्ये. 'आता द्या' म्हणाला तेव्हा २८ ते ३६ मध्ये. अकरा वेळा विचारलं, दोनदा चुकला. दोन्ही वेळा वरची माती सुकली होती पण खाली ओल होती; त्याची मूठ वीतभरच जाते.

तो काट्याकडं बघून म्हणाला, "बरं शिकवलंय याला."

७ मार्च

दोन दिवस वारं सुटलंय, कोरडं, धुळीचं. पात्रात १४.२ लिटर गेले: १२.४ मिमी. ०.७ लावून ८.७. आणि तापमानाचं सूत्र म्हणतंय ६.४. फेब्रुवारीत हातात हात घालून चालणारे दोघं आज दोन दिशांना.

दोघांचीही खोट आहे. सूत्राला वारा दिसतच नाही, त्यात फक्त कमाल, किमान आणि सूर्य. पात्राला वारा दिसतो पण जास्त दिसतो: माझं पात्र हिरवळीवर नाही, नांगरून पडलेल्या रानाच्या कडेला आहे. तापलेल्या ढेकळांवरून आलेली कोरडी हवा थेट पाण्यावर. अशा जागेला, अशा वाऱ्यात ०.७ जास्त होतो, ०.६ च्या आसपास यायला हवा. आज ०.६ धरून ७.४ घेतले. नियम मध्येच बदलला, म्हणून लाल शाईत.

उद्या महाशिवरात्र. मामीनं साबुदाणा भिजवलाय.

१२ मार्च

रोजे सुरू. व्यापारी फिरायला लागले, आज एक येऊन वेल उचलून बघून गेला. मामानं लागणीची तारीख रमजान धरूनच काढली होती. सगळ्या तालुक्यानं तशीच काढली असणार. फळं दीड-दोन किलोची. जमिनीवर टेकलेली बाजू अजून पांढरी.

विहिरीत एक परस पाणी गेलंय.

१६ मार्च, शनिवार

डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला. पहाटे धडाम आवाज झाला म्हणे. वायरमनला फोन लागला, "बघतो" म्हणाला.

१७ मार्च

नाही. क चे काटे: २० सेंमी ३४ वरून ५२. ४० सेंमी २२ वरून २६.

१८ मार्च

सकाळी ७१ आणि ३१. दुपारी सगळ्या रानानं मान टाकलेली. संध्याकाळीही शेंडे पूर्ण उठले नाहीत. मामा दोनदा बांधावर जाऊन काही न करता परत आला. रात्री नऊला दुसरा डीपी आला, दहा वाजता मोटर सुरू.

आता तीन प्लॉटना तीन प्रकारे पाणी द्यायचं होतं, आणि प्रत्येक पद्धत आपापल्या स्वभावाप्रमाणं वागली.

ब चा हिशोब माझ्याकडं तयार होता. तीन दिवसांचं बाष्पीभवन ९.१, ९.६, ९.४; एकूण २८.१. ०.७ आणि ०.८ लावून १५.७ मिमी, म्हणजे ७,९०० लिटर. थकबाकी. सहा तास चाळीस मिनिटं. कॉक उघडला आणि पहाटे पावणेपाचला बंद केला.

क ला दोन तास दिले आणि सकाळच्या काट्याची वाट बघायचं ठरवलं.

मामानं अ ला एक तास दिला आणि बंद केला. मी म्हटलं, तीन दिवसांची तहान आहे. तो म्हणाला, "उपाशी मानसाला एकदम पुरनपोळी वाढू नये. पहाटं परत देऊ."

१९ मार्च

सकाळी क चा काटा ३८. रात्री पुन्हा दोन तास. अ ला मामानं पहाटे एक तास दिला, रात्री दीड. ब मधले वेल मात्र सकाळीच ताठ, हिरवेगार, बघत राहावं असे. मनात म्हटलं, जिंकलो.

२१ मार्च

तडकलेली फळं मोजली. ब: ७४. क: १९. अ: ११.

ब मधल्या चौथ्या बेडमध्ये बसले होते, तेव्हा माझ्यासमोर एक तडकलं. बारीक 'टक्' असा आवाज, देठाजवळून रेघ निघाली आणि पोटापर्यंत आली. आत लाल अजून पुरतं भरलं नव्हतं, गुलाबी. दोनेक मिनिटांत रेघेवर पाण्याचे थेंब आणि थेंबांवर मुंग्या.

साल तीन दिवस पाण्याविना आवळून बसली होती, तेवढ्यात आतला गर एका रात्रीत फुगला. हिशोब चुकला नव्हता. तीन दिवसांत जेवढं गेलं तेवढंच परत दिलं. पण वेलानं तीन दिवस पानं मिटून खर्च आधीच कमी केला होता, ते पात्राला माहीत नाही. त्याचं पाणी उघड्यावर उडतच राहिलं. त्यानं वेलाच्या नावावर जी थकबाकी लावली, तेवढी वेलाची नव्हतीच.

दुपारी ब मध्ये गिरमिट लावलं. ओल ७० सेंमीपर्यंत, खालची माती लोण्यासारखी. वरच्या ४० च्या खाली मुळाचा एक तंतू हाती लागला नाही. विहिरीचं पाणी परत जमिनीत, फक्त वीजबिल मध्ये.

मामानं तडकलेली फळं गोळा करून गोठ्यासमोर टाकली. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

२२ मार्च

पात्राच्या पद्धतीत एक नियम घातला, उशिरा का होईना: एका वेळी ६ मिमीच्या वर द्यायचं नाही, बाकी राहिलेली बाकी सोडून द्यायची. सरांनी फोनवर विचारलं, याला आधार काय? मी म्हटलं, चौऱ्याहत्तर.

२५ मार्च

धुळवड. रंगलेल्या हातानं काटा बघितला, काचेवर गुलाबी बोटं उठली. २० सेंमी: २९.

काढणी जवळ आली. ब ला गुणांक ०.७५ वर आणला. क मध्ये पाणी द्यायची रेघ ३० वरून ४५ वर नेली. मामा अ ला शेवटचे तीन दिवस पाणी देणार नाही. तिघांचं इथं एकमत: आता पाणी वाढलं तर वजन वाढेल पण गोडी जाईल. फळाजवळचे बाळे (वेलाचे तंतू) सुकायला लागलेत, बूड पिवळसर.

३० मार्च, शनिवार

काढणी. ७० वा दिवस. पहाटे पाचला मजूर, साडेदहाला गाडी भरली. बाजूला नेऊन वजन प्लॉटवार करायचं म्हटल्यावर हमाल वैतागले, मामानं त्यांना चहा वाढवून सांगितला.

विक्रीला गेलेलं: अ २,४८० किलो, ब २,२१०, क २,४३०. दर तिन्हीला सारखा, १२ रुपये.

प्रत्येक प्लॉटमधली पाच फळं मध्यातून कापून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर घेतला. सरासरी ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप): अ १०.८, ब १०.१, क ११.६. व्यापाऱ्याला क चं एक फळ खायला दिलं. "साखर आहे," म्हणाला, आणि बी थुंकून वजनकाट्याकडं गेला. दीड ब्रिक्सचा दर त्याच्या पट्टीत नाही.

२ एप्रिल

पाण्याची बेरीज. क ९९,००० लिटर, १९६ मिमी. ब १,१४,०००, २२६ मिमी. अ अंदाजे १,२४,०००. त्यातला फेब्रुवारीचा भाग सांगोवांगी. कागदावरचं वेळापत्रक पाळलं असतं तर १,५१,००० झाले असते. एक किलो कलिंगडामागं क ला ४१ लिटर, अ ला ५०, ब ला ५२.

सरांचे लाल शेरे: पुनरावृत्ती नाही, प्लॉटची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवली नाही, क ची जमीन मुळातच बरी असू शकते, त्यामुळं फरक सिद्ध झाला असं लिहिता येणार नाही. सगळं बरोबर आहे. क खरंच उताराच्या खालच्या बाजूला आहे, तिथं माती वीतभर जास्त खोल. निष्कर्षात मी 'आढळले' लिहिलंय, 'सिद्ध झाले' खोडलं.

एक तक्ता मात्र त्यांनी वगळू दिला नाही, मी वगळायला निघाले होते तरी. कुठल्या महिन्यात किती पाणी पडलं त्याचा. ठरावीक तासांचं वेळापत्रक एकूण पाण्यात फार चुकत नाही असं मला वाटत होतं, ते चूक निघालं. रोपं बोटभर असताना ते पात्राच्या जवळपास पावणेदोन पट देतं, आणि काढणीच्या आठवड्यात, जेव्हा हात आखडायचा, तेव्हाही अडीच तासच. मामाच्या प्लॉटला हे झालं नाही, कारण मामानं ते पाळलंच नाही.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. सकाळी गुढी, मग रान मोकळं करायला सगळे. मल्चिंग पेपर ओढून गुंडाळला, लॅटरल काढून वेटोळी केली. विहिरीत आता परसभर पाणी. मामा ते डाळिंबाला राखणार.

पात्र उचलून घरी न्यायचं होतं. मामी म्हणाली, राहू दे, शेळ्यांना बरं आहे. जाळी काढून टाकली.

टेन्सिओमीटर काढत होते तर मामा आला. "एक ठेव हितंच. डाळिंबात लावू."

मी २० सेंमीचा पुढं केला, त्याचाच काटा स्वच्छ होता.

"तो नको. वरचं हाताला कळतंय. खालचं कळत न्हाई." त्यानं ४० चा उचलला, कपाला लागलेली माती अंगठ्यानं पुसली आणि नेहमीसारखी ती बोटांत दाबून बघितली.

२० चा धुऊन, पाणी ओतून डब्यात ठेवला. ४० चा रात्रभर बादलीत. उद्या सकाळी डाळिंबाच्या दुसऱ्या ओळीत, बुंध्यापासून दोन हात लांब, चिखल ओतून बसवायचा.